हळूभाई गप्प होता

सुई आत गेली तरी हळूभाई काही बोलला नाही. झालं ते एवढंच. बाहेरच्या कुणाला सांगायला जावं तर तो म्हणेल, मग काय झालं, सुई नीट गेली ना? सुई नीटच गेली होती, नेहमीसारखी, दुखलं न दुखलं अशी. पण काकांच्या काळजात लक्कन हललं. इतकी वर्षं हा माणूस डायलिसिसच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसायचा, काकांचा डावा हात उशीवर घ्यायचा आणि टोचण्याआधी त्याचे ओठ जरासे हलायचे. त्याच्या धर्मात घेतात तसं देवाचं नाव घ्यायचा तो, कुणाच्या कानावर पडू नये इतकं बारीक. मग म्हणायचा, "हळूच हं काका." त्या 'हळूच'वरूनच वॉर्डातल्या पेशंटांनी त्याचं नाव हळूभाई ठेवलं होतं. त्याचे ओठ हलले की इकडे चादरीखाली काकांचा उजवा अंगठा मांडीवर एक छोटासा क्रूस काढायचा. याबद्दल दोघं कधी चकार शब्द बोलले नव्हते. तू तुझ्या देवाला सांग, मी माझ्या सांगतो, दोघांपैकी एक तरी जागा असेल, असा काहीसा तो मुका करार होता. आज ओठ मिटलेले होते. काकांचा अंगठा मांडीवर वाट बघत राहिला, आणि तेवढ्यात दुसरी सुईही आत गेली. हळूभाईने चिकटपट्ट्या लावल्या, नळ्या जोडल्या, मशीनचं बटण दाबलं आणि पलीकडच्या खुर्चीकडे वळला.

नळ्या लाल झाल्या. आपलं रक्त आपल्या डोळ्यांदेखत अंगाबाहेर निघून जातं आणि एका चक्राभोवती फिरून परत येतं, हे बघायची काकांना सवय झाली होती. पहिल्या महिन्यात घेरी यायची. मग माणसाला कशाचीही सवय होते तशी याचीही झाली. काका मशीनच्या घरघरीत पेंगू लागले, शेजारच्या खुर्चीतल्या बाईंशी सुनांबद्दल गप्पा मारू लागले. आज मात्र त्यांची नजर नळीवरून हलेना. नळीत हवेचा बुडबुडा गेला तर काय होतं, हे त्यांना हळूभाईनेच एकदा हसत हसत समजावलं होतं. मशीन ओरडतं, आपोआप थांबतं, घाबरायचं काही कारण नाही. पण मशीनला ओरडायला लावतं कोण? ते बटण कुणाच्या हातात? काकांनी मान वळवून हळूभाईचे हात बघितले. पलीकडच्या पेशंटच्या औषधाची सिरींज तो उजेडात धरून तपासत होता. लांब बोटं, नीट कापलेली नखं. हेच हात आपण इतकी वर्षं बघत आलो, मग आज ते पहिल्यांदा बघितल्यासारखे का वाटतात, असं काकांनी स्वतःला विचारलं आणि उत्तर ठाऊक असल्यामुळे विचारायचं सोडून दिलं.

मागच्या रविवारी, दुसऱ्या एका शहरात, ऐन प्रार्थनेच्या वेळी एक माणूस चर्चमध्ये शिरला होता. भजन चालू होतं म्हणे. आधी लोकांना वाटलं कुणीतरी उशिरा आलंय, म्हणून शेवटच्या बाकावरच्या म्हातारीने सरकून त्याला जागा करून दिली. हल्ल्यानंतर बातम्यांत ते बाक दाखवलं, एकट्या पडलेल्या चपला दाखवल्या आणि मग त्या माणसाचं नाव सांगितलं. नाव कळल्याबरोबर काकांच्या घरातला फोन वाजला होता. पलीकडे मेहुणा. "बघितलंत ना भाऊजी? मी काय सांगत होतो?" मेहुण्याचं कुलपांचं दुकान होतं आणि जगात काहीही वाईट घडलं की ते आपण आधीच सांगून ठेवलं होतं असं त्याचं म्हणणं असे. या आठवड्यात त्याचा धंदा जोरात होता. चर्चनेही त्याच्याकडूनच नवी कडी-कुलपं घेतली, मागचं दार कायमचं बंद केलं, आणि बुधवारच्या खास प्रार्थनेला पुढच्या दाराशी दोघेजण येणाऱ्याची पिशवी उघडून बघू लागले. काका नेहमीच्या बाकावर बसले होते, पण वेदीकडे बघत नव्हते. मान वळवून दाराकडे बघत होते. बाजूला बघितलं तर निम्मं चर्च दाराकडे बघत होतं. काकांना वाटलं, देव या सगळ्यांच्या मानेच्या मागच्या बाजूकडे बघत असेल.

आणि तो शिरलेला माणूस हळूभाई नव्हता. हे काकांना कळत नव्हतं असं नाही. काका शिकलेले, नकाशे करण्याच्या कचेरीत सगळी नोकरी घालवलेले गृहस्थ. वॉर्डात त्यांना नकाशेकाका म्हणत. चहा पिता पिता ते हळूभाईला पेन्सिलीने त्याच्या गल्लीचा नकाशा काढून दाखवत आणि तो म्हणे, आमच्या गल्लीत एवढं वळण आहे हे मला तिथे राहून ठाऊक नव्हतं. पण कळणं डोक्यात असतं आणि भीती पोटात, आणि खुर्चीला जखडलेल्या माणसाचं पोट डोक्याचं ऐकत नाही. कचेरीतल्या पहिल्या वर्षी साहेबांनी काकांना मोठ्या नकाशावरून लहान नकाशा करायला शिकवलं होतं. लहान कागदावर सगळं मावत नाही. मग वळणं सरळ करायची, दहा घरांचा एक चौकोन करायचा, चार वाड्यांचा एक ठिपका. काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे कसं ठरवू, असं काकांनी विचारलं तेव्हा साहेब म्हणाले होते, "डोळे बारीक करून बघा. जे दिसेनासं होईल ते काढून टाका." काकांचा त्यात हात बसला. इतका, की कचेरीत कुणाला काही गाळायचं असलं की काकांकडे पाठवत. आता खुर्चीत पडल्या पडल्या त्यांनी डोळे किंचित बारीक केले. हळूभाईचं हसू गेलं, चष्म्याच्या काडीला गुंडाळलेली पट्टी गेली, मुलीच्या शाळेतल्या गमती सांगतानाचा त्याचा खाजगी आवाज गेला. दाढी उरली. काकांनी घाबरून डोळे उघडले.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला काहीच सांगितलं नाही. जेवले आणि दुपारी डाव्या कुशीवर आडवे झाले. डायलिसिससाठी ऑपरेशनने जाड केलेल्या डाव्या हाताच्या शिरेत रक्त असं धावतं, की कान दंडाला लागला की घरघर ऐकू येते, दूरवर कुठेतरी गिरणी चालल्यासारखी. ती घरघर म्हणजे शीर जिवंत असल्याची खूण. तिच्या आवाजात काकांना लहानपणीच्या वर्गातला एक मुलगा आठवला. नवा कंपास चोरून त्याने आळ काकांवर आणला होता, आणि मास्तरांनी सगळ्यांदेखत छड्या मारल्या होत्या. तोही त्यांच्यातलाच होता, काका स्वतःशी म्हणाले. मग त्याचं नाव आठवू लागले. आठवेना. चेहरा आठवेना. त्याच्या डोक्यावर टोपी होती असं वाटलं, पण ती टोपी कोरी दिसत होती, आत्ता घालून दिल्यासारखी. वर्गात त्या धर्माचा एकही मुलगा होता का, हेसुद्धा त्यांना खात्रीने सांगता येईना. आपल्याच डोक्यात बसून कुणीतरी आपल्या जुन्या चित्रांवर नवे रंग मारतंय आणि आपण ब्रश पुरवतोय. जुनं उगाळायचंच होतं तर मग ती घरमालकीण आठवायला हवी होती. कॉलेजात असताना खोली बघायला गेलेल्या काकांच्या गळ्यातला क्रूस बघून ती म्हणाली होती, "नको बाबा, तुम्हा लोकांत पिणं-बिणं फार." तेव्हा काकांनी दारूचा थेंब चाखलेला नव्हता. तिच्या जिन्यावरून उतरताना कान तापले होते ते अजून आठवत होतं. पण ती घरमालकीण आत्ता कामाला येत नव्हती. भीतीला हवा होता तो टोपीवाला मुलगा.

पुढच्या वेळी खुर्चीकडे न जाता काका आधी मोठ्या सिस्टरांच्या टेबलापाशी गेले. मोठ्या सिस्टर म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख. त्यांच्या कपाळावर कायमची एक आठी होती. काकांनी घसा खाकरला, हवापाण्याचं बोलले, आणि आज दुसरं कुणी सुई लावेल का असं विचारलं. सिस्टरांनी कारण विचारलं. कारण असं काही नाही, काका म्हणाले. तुमची शीर त्याच्या हाताची आहे, सिस्टर म्हणाल्या. तुम्हाला ठाऊक आहे ना? काकांना ठाऊक होतं. हळूभाईने सुरुवातीला दर वेळी त्याच दोन जागी, त्याच तिरकेपणाने टोचून आत दोन वाटा तयार केल्या होत्या. कानाला भोक पडलं की आतून कातडी धरते तशा. म्हणून तर दुखत नसे. पण त्या वाटांचं वळण एका हातालाच ठाऊक होतं. काका म्हणाले, तरीपण. सिस्टरांनी त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, मग टेबलावरच्या वर्तमानपत्राकडे बघितलं, आणि कपाळावरची आठी खोल झाली. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं."

मग मैना आली. मैना म्हणजे काकांच्याच चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या नर्सबाई. वयस्क, प्रेमळ, कामाला वाघ. तिला बघून काकांचा जीव भांड्यात पडला. तिने बसता बसता उघडपणे क्रूस काढला, काकांनीही काढला, दोघं हसले. बोथट सुई पहिल्या वाटेने जाईना. तिने किंचित वळवून बघितलं, मग आणखी किंचित. काकांनी दात आवळले. शेवटी तिने धारदार सुई घेतली, आणि हातात एकदम ऊन ऊन काहीतरी पसरलं. डोळ्यांसमोर दंडावर लिंबाएवढी गाठ उभी राहिली, मग लिंबाहून मोठी झाली. मैनाचा चेहरा पांढराफटक पडला. "माफ करा हो, माफ करा," ती पुटपुटत होती आणि बोटांनी दाबून धरत होती. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला हळूभाई उभा होता. तो धावला नाही. आत जाऊन बर्फाची पिशवी घेऊन आला, ती मैनाच्या हातात दिली, काकांच्या खुर्चीपासून दोन पावलं लांब थांबला आणि परत गेला. काकांना त्याच्याकडे बघवलं नाही. त्या दिवशी मशीन लावताच आलं नाही. सूज उतरू द्या, पाणी मोजून प्या, आणि दम लागला तर तसेच या, असं सांगून त्यांना घरी पाठवलं.

संध्याकाळ व्हायच्या आत मेहुणा आला. काकांचा हात उशीवर ठेवलेला होता, कोपरापासून वर काळानिळा. मेहुणा दारातच थबकला. बहिणीकडे बघितलं, हाताकडे बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "त्यानेच ना?"

इथे काकांनी तोंड उघडायला हवं होतं. वाक्य तयार होतं, ओठापर्यंत आलंही होतं. पण 'मैनाने' असं उत्तर दिलं की पुढचा प्रश्न आला असता, तुमचा नेहमीचा माणूस कुठे होता. आणि त्याचं उत्तर द्यायचं म्हणजे मी त्याला नको म्हणालो हे सांगायचं. आणि का नको म्हणालो हे बायकोसमोर सांगायचं. बायको तोंडाची फटकळ होती. हळूभाईच्या मुलीसाठी तिने स्वेटर विणून पाठवला होता. काकांनी घोटभर पाणी घेतलं. डोळे मिटले. दुखतंय फार, एवढंच म्हणाले, आणि ते खरंच होतं. मेहुण्याने त्या मिटलेल्या डोळ्यांचं जे करायचं ते केलं. तो खुर्ची ओढून बसला आणि त्याने हळूहळू सगळं जुळवून दाखवलं; त्या शहरात चर्चमध्ये शिरतात, इथे हॉस्पिटलात बसतात, सुया यांच्या हातात, औषधं यांच्या हातात, सगळे आतून एक. काका मूग गिळून पडून राहिले. खरं सांगायचं तर त्यांना त्या बोलण्यात एक उबही वाटत होती. आपण घाबरलो ते उगीच नाही, असं कुणीतरी मोठ्याने म्हणत होतं. त्या उबेची लाज वाटली तरी काकांनी ती अंगावरून काढली नाही.

रविवारी चर्चमध्ये काकांच्या हाताची बातमी काकांच्या आधी पोचली होती. प्रार्थना सुटल्यावर अंगणात लोक भोवती जमले. कुणी हात हळूच वर करून बघत होतं, कुणी सुस्कारे टाकत होतं. मुद्दाम शीर फोडली, मेहुणा सांगत होता. दोन सुया मारल्या म्हणे, दुसरं कुणीतरी म्हणालं. चार. ज्याचा त्याचा आकडा. काका मान खाली घालून उभे होते, आणि मान वर केली तेव्हा समोर मैना होती. गायनाचा पांढरा झगा अजून अंगावर, हातात भजनाचं पुस्तक. तिने सगळं ऐकलं होतं. दोघांची नजर एक झाली. बोल, असं काका मनात म्हणाले, तू बोल. तीही बहुधा तेच म्हणत होती. तिचे ओठ उघडले, मिटले. मग तिने पुस्तक छातीशी धरलं आणि घाईघाईने फाटकाकडे चालती झाली. त्या अंगणात खरं ठाऊक असलेली दोनच माणसं होती आणि दोघांनी एकमेकांना माफ करून टाकलं. काकांना वाटलं, नुसती भीती होती तेव्हासुद्धा आपण इतके एकटे नव्हतो.

सोमवारी कळलं की बाजारामागच्या मशिदीच्या काचा कुणीतरी फोडल्या. नमाजाला आलेल्या एका म्हाताऱ्याच्या भुवईवर काच लागली. फोडणारे कोण, ठाऊक नाही, असं सगळे म्हणत होते, आणि ज्या झपाट्याने म्हणत होते त्यावरून ठाऊक असल्याचं दिसत होतं. मेहुण्याच्या उजव्या मुठीला पट्टी बांधलेली होती. दुकानातलं शटर लागलं, तो न विचारताच म्हणाला. त्या म्हाताऱ्याच्या भुवईपासून आपल्या मिटलेल्या डोळ्यांपर्यंत एक सरळ रेघ काढता येते, हे त्यांना दिसलं. वळण नसलेली, स्वच्छ रेघ. आता सांगायचं तर कुणाला? कुठून सुरुवात करायची? ते खिडकीपाशी जाऊन बसत, उठत, दाराची कडी तपासत. आधी त्यांची भीती एका माणसाची होती. आता खालून येणारी पावलंसुद्धा, कुणाचीही असोत, आपल्यापाशीच येतायत असं वाटे. पायांवर सूज चढली, पापण्या जड झाल्या. मंगळवारी सकाळी उठून बसले तर छातीत श्वास मावेना.

रिक्षात बायकोने त्यांना धरून ठेवलं होतं. अंगात साठलेलं पाणी छातीपर्यंत आल्यासारखं काकांना वाटत होतं. प्रत्येक श्वास बुडबुड्यासारखा. बोलायला पुरेल एवढी हवा नव्हती, तरी त्यांनी बायकोला तुटक तुटक सगळं सांगितलं. हळूभाई नव्हता. मैना होती. मीच म्हणालो. तिने नेहमीसारखं फटकारलं असतं तर बरं झालं असतं. तिने फक्त त्यांच्या पाठीवर फिरणारा हात थांबवला आणि खूप वेळाने पुन्हा सुरू केला. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, सुजलेल्या हातात दुसऱ्या कुणाला शीर मिळणार नाही. नाहीतर मानेत नळी घालावी लागेल, या अवस्थेत त्यात धोका आहे. काका काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "त्यालाच बोलवा. मी यांची बायको आहे, मी सांगते, त्यालाच बोलवा."

हळूभाई आला. स्टूल ओढलं, बसला, पण हात उशीवर घेईना. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. त्याने दोन्ही हात मांडीवर दाबून ठेवले होते आणि काकांनी बघितलं, तर ते हात कापत होते. पहिला विचार आला तो काकांना आयुष्यभर पुरेल इतका ओंगळ होता: मनात काही असल्याशिवाय हात कापतात का? मग हळूभाई खालच्या आवाजात बोलला.

"काका, मला तुमची भीती वाटते."

काकांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. हळूभाई म्हणाला, "तुम्हाला आज काही झालं तर ते तुमच्या किडनीने झालं असं कुणी म्हणणार नाही. बाहेर तुमची माणसं उभी आहेत. माझ्या मुलीला शाळेतून आणायला गेलेल्या बायकोला काल कुणीतरी विचारलं, तो सुईवाला तुझाच का. मी आज तुमच्या शिरेला हात लावायला नको, असं तीच म्हणाली."

काकांनी श्वास गोळा केला. "त्या दिवशी तू देवाचं नाव घेतलं नाहीस."

हळूभाईने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग आश्चर्य. त्या बातमीनंतर लोकांसमोर ओठ हलवायचे नाहीत, असं घरात ठरलं होतं, तो म्हणाला. मनातल्या मनात घेतलं होतं, पेशंट घाबरू नयेत म्हणून. "आणि तुम्ही चादरीखाली अंगठा हलवला नाहीत. मी बघत होतो. मी म्हटलं, संपलं, आता काकांनाही मी तसलाच दिसतो."

काकांना बोलायचं खूप होतं. माफी मागायची होती, अंगणातलं सांगायचं होतं, मिटलेले डोळे सांगायचे होते. पण छातीत हवा एवढीशी, आणि ती कशावर खर्च करायची ते त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी आपला सुजलेला हात स्वतःच उचलून त्याच्यापुढे उशीवर ठेवला. हळूभाईने बराच वेळ नुसत्या बोटांनी सूज चाचपली, डोळे मिटून, कुठे थांबत, कुठे मागे येत. त्याचं कापणं थांबलं नव्हतं. सुई टेकवताना मात्र थांबलं. दुखलं, खूप दुखलं, पण पहिली सुई वाटेने आत गेली. मग दुसरी. नळ्या लाल झाल्या. हळूभाई पुढच्या पेशंटकडे गेला नाही. नळी हलू नये म्हणून काकांच्या मनगटावर हात ठेवून तिथेच बसून राहिला. हळूहळू काकांच्या छातीवरचा भार हलका होऊ लागला. श्वास खाली, आणखी खाली पोचू लागला.

मग दाराशी आवाज वाढले. मोठ्या सिस्टर कुणाला तरी अडवत होत्या, बायकोही भावाचा दंड धरून काहीतरी सांगत होती. तो तिला बाजूला सारून आत आला, मागोमाग चर्चच्या दाराशी पिशव्या तपासणारे ते दोघे. मेहुण्याने खुर्ची बघितली, नळ्या बघितल्या, आणि मनगटावरचा तो हात बघितला.

"भाऊजी," तो म्हणाला, "घाबरू नका. सगळ्यांसमोर सांगा. हाच ना?"

शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. काकांच्या मनगटावरचा हळूभाईचा हात गार पडला. पण त्याने तो काढला नाही, कारण काढला असता तर नळी हलली असती. काकांना आता पुरेसा श्वास होता. तो कुणी मिळवून दिला तेही ठाऊक होतं.

"नाही," ते म्हणाले. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "त्या दिवशी हा नव्हता. मीच याला नको म्हणालो होतो. घाबरलो म्हणून. सुई आपल्या चर्चमधल्या नर्सबाईंनी लावली, त्यांचाही दोष नाही. तू विचारलंस तेव्हा मी गप्प बसलो. दोष माझा आहे. ऐकतोयस ना? माझा आहे."

सांगून झालं. काकांना वाटलं होतं त्यापेक्षा ते फार सोपं होतं. इतकं सोपं, की रविवारी अंगणातच सांगून होण्यासारखं. ते मेहुण्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मेहुण्याची नजर काकांच्या तोंडावर नव्हतीच. ती सुईवरून नळीकडे गेली, नळीवरून फिरत्या चक्राकडे, चक्रावरून हळूभाईच्या हाताकडे. त्याचे डोळे बारीक झाले. मग तो खाली वाकला, काकांच्या कानापाशी आला, आणि लहान मुलाला समजवावं तशा मायेने म्हणाला, "कळलं भाऊजी. त्याच्या हातात आहात तोवर तुम्ही दुसरं काय बोलणार? आधी सुटा तुम्ही. मग बघू."

त्याने काकांच्या पावलावर थोपटलं. मागच्या दोघांना मानेने खूण केली. बायको "अरे, ते खरं सांगतायत, मी सांगते ना" असं म्हणत त्याच्यामागे धावली, आणि तो तिला म्हणाला, ताई, तूही घाबरली आहेस. दाराबाहेरच्या बाकावर ते तिघे एकमेकांना खेटून बसले. वॉर्डाला ते एकच दार होतं.

"नाही रे," काका दाराकडे बघून ओरडले, "खरं सांगतोय मी." बाकावरून मेहुण्याने हात वर केला, पडून राहा अशा अर्थाने.

हळूभाईने मशीनवरचा आकडा बघितला. "अजून तीन तास आहेत," तो म्हणाला. नेहमी हा आकडा ऐकला की काका कण्हत, कधी संपतंय म्हणत. आज त्यांनी मोकळा हात पुढे करून त्याच्या हातावर ठेवला आणि मनात मागणं मागितलं, की हे मशीन थांबू नये, आपल्या अंगातलं पाणी संपू नये, आपण याच्या हातातून सुटू नये. रक्त नळीतून जात होतं आणि परत येत होतं. दाराबाहेर कुणीतरी चहा मागवला.